दातांच्या फटीतून गळणारी माती

नुकतंच साफ करून घेतलेलं पडीक रान दिसलं, की शेताआधी बांधावरचा ढीग बघावा. वेड्या बाभळीची खोडं, वाकड्यातिकड्या मुळ्या, काटेरी फांद्या आणि अधूनमधून गोटे असा तो ढीग असतो. काठीने तो जरा उकरला की आत माती लागते. काळी, मऊ, पालापाचोळा कुजून तयार झालेली माती. शेतात वळून पाहिलं तर ठिकठिकाणी फिकट मुरूम उघडा पडलेला दिसतो. मशीनच्या बकेटने खोडांबरोबर वरचा थरही खरवडून बांधावर आणलेला असतो. मालकाने तासाप्रमाणे पैसे मोजलेले असतात आणि त्या पैशात स्वतःच्याच जमिनीचा सगळ्यात कसदार थर शेताबाहेर काढून दिलेला असतो.

हिशेब साधा आहे. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. एवढ्या क्षेत्रावरून फक्त एक सेंटीमीटर माती गेली, तरी ती ४० घनमीटर होते, म्हणजे चौदा ब्रास. वजनात पन्नास टनांच्या आसपास. गाळ विकत आणून तेवढी माती परत टाकायची म्हटलं तर किती ट्रॉल्या लागतील, हे कुठलाही शेतकरी तोंडी सांगेल. २०१७ साली महाराष्ट्रात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. तेव्हा तलावातला गाळ शेतात नेण्यासाठी गावोगावी ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या होत्या. मातीची किंमत लोकांना ठाऊक आहे. तरीही जमीन साफ करताना तीच माती काट्यांबरोबर जाते, कारण ट्रॅक्टरच्या पुढे काय जोडायचं याचा विचार कामाच्या दिवशी सकाळपर्यंत कुणी केलेला नसतो. लोडर आला, त्याला बकेट आहे, बकेटने काम सुरू.

या लेखाचा विषय हाच आहे. ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरला बकेट लागते, दात लागतात, दाताळं लागतं, पंजा लागतो, काटे लागतात. यातलं काय निवडायचं ते शेतातून काय काढायचंय यापेक्षा शेतात काय ठेवायचंय यावर ठरवायला हवं.

महाराष्ट्राला जमीन मोकळी करण्याच्या कष्टाचा इतिहास जुना आहे. काळ्या रानातला कुंदा हा दख्खनच्या शेतकऱ्याचा पिढीजात वैरी. त्याची मुळं इतकी खोल जातात की लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपून रान फोडावं लागे. १९०३ च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमिनीत विष भिनेल अशी भीती लोकांच्या मनात होती आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. पण खोल जाणारा तो फाळ हळूहळू रुळला. नवं अवजार मातीला काय करेल, ही शंका त्या वेळी घेतली गेली होती. ती चुकीची ठरली खरी, पण प्रश्न योग्य होता, आणि तो आज पिवळ्या मशीनसमोर फारसा विचारला जात नाही.

स्वातंत्र्यानंतर हे काम सरकारने मोठ्या प्रमाणावर हातात घेतलं. मध्य भारतात कांस गवताने लाखो एकर जमीन बळकावली होती. केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने वापरलेले ट्रॅक्टर आधी कामाला लावले गेले. पुढे १९४९ साली जागतिक बँकेने भारताला शेती यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं, ते प्रामुख्याने या कांसाच्या रानासाठीच. रेल्वेचं कर्ज त्याच वर्षी त्याच्या थोडं आधीचं. म्हणजे जागतिक बँकेकडून स्वतंत्र भारताने घेतलेलं दुसरंच कर्ज एका गवताची मुळं उपटण्यासाठी होतं. पट्ट्याचे मोठे ट्रॅक्टर खोल नांगरट करून कांसाची मुळं वर आणत आणि उन्हाळ्यात ती वाळून जात. मध्य प्रदेशातल्या बुदनीला १९५५ साली ट्रॅक्टर चालवण्याचं प्रशिक्षण देणारं केंद्र सुरू झालं. आज तिथे देशातले ट्रॅक्टर तपासले जातात. ट्रॅक्टरची ओढ किती, मागची लिफ्ट किती उचलते, हे तिथल्या अहवालात छापलेलं असतं. लोडर घेऊ पाहणाऱ्याने तो अहवाल विक्रेत्याकडे मागून वाचावा.

कांसाच्या त्या मोहिमेत माती जागेवर राहिली. नांगराने ती पलटली, हलवली, पण शेताबाहेर नेली नाही. लोडरचं तसं नाही. लोडर बनलाय उचलून न्यायलाच.

त्याच्या आपल्याकडे गाजलेल्या रूपाचा जन्म इंग्लंडमधला. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ साली एका छोट्या जागेत ट्रेलर बनवायला सुरुवात केली. पुढे फोर्डसन मेजर ट्रॅक्टरला बसणारा हायड्रॉलिक लोडर आला आणि १९५३ साली एकाच यंत्राला पुढे बकेट आणि मागे खोदणारा हात बसला. बॅमफर्डांच्या नावाची आद्याक्षरं म्हणजेच आपलं ‘जेसीबी’. मराठीत तो शब्द आता एका कंपनीपुरता उरलेला नाही; कुणाचंही पिवळं मशीन आलं तरी ‘जेसीबी आला’ असंच म्हणतात. ‘पोकलेन’चंही तसंच. पोक्लेन ही फ्रान्समधली कंपनी, पण गावाकडे पट्ट्यावर चालणारं, गोल फिरणारं प्रत्येक मशीन पोकलेनच. ही नावं इतकी रुळली आहेत की त्यांच्या आड एक फरक दडून जातो. जेसीबी आणि पोकलेन मुळात खोदण्यासाठी बनवलेली आहेत. शेतकऱ्याच्या ४५-५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला पुढे बसवलेला लोडर खोदण्यासाठी बनवलेला नाही. त्याचे हात लांब, बारीक आणि पोकळ पत्र्याचे असतात. ते वर-खाली करायला आणि टोकाची बकेट वळवायला आहेत. त्यांनी झाडाचं खोड ढुसण्या देऊन पाडू गेलं, की आधी पिना ढिल्या होतात, मग बुश झिजतात आणि एक दिवस हात पिळून वाकतो. बकेटच्या एकाच कोपऱ्याने मूळ उचकटायला गेलं की सगळा जोर एकाच बाजूच्या हातावर येतो, आणि पिळलेला हात सरळ करणं वेल्डरच्याही आवाक्यात राहत नाही.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती वेडी बाभूळ.

हे झाड इथलं नव्हे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून ते भारतात आलं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सरपणासाठी आणि उजाड जमिनी झाकण्यासाठी. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात खारट रण पुढे सरकू नये म्हणून वन खात्याने ते मोठ्या प्रमाणावर लावलं आणि पुढच्या काही दशकांत आशियातल्या नावाजलेल्या गवताळ रानांपैकी एकाचा मोठा भाग त्याने गिळला. तिथले मालधारी त्याला ‘गांडो बावळ’ म्हणतात. मराठीत वेडी बाभूळ, अर्थ तोच. तमिळनाडूत ‘सीमै करुवेलम’. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ते काढून टाकण्याचे आदेश दिले, आणि मग त्याच न्यायालयात अभ्यासाशिवाय सरसकट तोड करण्यावर आक्षेपही घेतले गेले. सोलापूर, अहिल्यानगर, धाराशिव, बीड अशा कोरडवाहू पट्ट्यात ओढ्याकाठी, गायरानात, दोन-चार वर्षं पडीक ठेवलेल्या वावरात ही झुडपं माणसाच्या डोक्यावर गेलेली दिसतात.

तिला काढायचं तर तिची एक खोड ओळखायला हवी. वरून तोडली की ती मरत नाही. जमिनीलगतच्या आणि जमिनीखाली वीतभर खोलीपर्यंतच्या बुंध्यावर झोपलेले डोळे असतात. वरचं खोड गेलं की त्यातून एकाऐवजी दहा फुटवे येतात. त्यामुळे बकेटची धार जमिनीवर टेकवून झुडपं कापत नेली तर पहिल्या पावसानंतर रान पूर्वीपेक्षा दाट होतं. मूळ तोडायचं ते जमिनीखाली वीत-दीड वीत, आणि बुंधा पूर्ण बाहेर आला पाहिजे. शेंगा गोड असतात. गुरं, शेळ्या त्या आवडीने खातात आणि बी शेणातून निघतं ते उगवायला जास्तच तयार होऊन. जमिनीत पडलेलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. म्हणजे साफसफाईचं काम एका दिवसाचं नाही. आज जे जोडाल त्याने जमीन जितकी खरवडली जाईल, तितकी पुढच्या पावसाळ्यात बियांना मोकळी जागा मिळेल.

एका खोडापाशी थांबून हे बघण्यासारखं आहे. मांडीएवढ्या जाडीचा बुंधा, त्यातून फुटलेली पाच-सहा वाकडी खोडं. लोडरवाला बकेट खाली करतो, धार बुंध्याला लावतो आणि रेस देतो. मागची चाकं जागेवर फिरतात, पुढची जमिनीत रुततात, बुंधा जरा हलतो. मागे घेऊन पुन्हा धडक. तिसऱ्या-चौथ्या धडकेला बुंधा जमिनीच्या पातळीला मोडतो आणि मूळ आतच राहतं. आजूबाजूला दोन मीटरचा खड्डा झालेला असतो, त्यातली माती बकेटमध्ये. “मालक, निघालं बघा,” असं तो ओरडून सांगतो आणि बकेट बांधाकडे वळवतो. मालकाला निघालेलं दिसतं ते खोड. राहिलेलं मूळ जून महिन्यात दिसणार असतं.

याच बुंध्याला मागचा खोदणारा हात असलेलं यंत्र वेगळ्या रीतीने भिडतं. ते आधी बुंध्याच्या तीन बाजूंनी चर काढून आडव्या मुळ्या तोडतं, मग चौथ्या बाजूने दात आत घालून बुंधा वर उचकटतं, आणि हवेत धरून दोन-तीन झटके देतं. मुळांना लागलेली माती तिथल्या तिथे खड्ड्यात पडते. त्यामुळे मोठे बुंधे जास्त असतील तर एक-दोन दिवस जेसीबी भाड्याने घ्यावा, फक्त उपटून जागेवर ठेवायला सांगावं, आणि गोळा करायचं काम स्वतःच्या किंवा गावातल्या ट्रॅक्टर-लोडरकडे द्यावं. खोदणं एकाचं, वेचणं दुसऱ्याचं. तासाला महाग पडणारं यंत्र काटे बांधावर वाहून नेण्यात दिवस घालवत असेल तर पैसा आणि माती दोन्ही जातात.

वेचायच्या कामाला लोडरच्या पुढे दाताळं हवं. खळ्यावर, वाफ्यात हाताने ओढायचं दाताळं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. हे त्याचंच लोखंडी, जाड, लोडरला बसणारं रूप. इंग्रजीत त्याला रूट रेक म्हणतात, आपल्याकडे वर्कशॉपवाला ‘दातांची बकेट’ म्हणतो. बकेटच्या पत्र्याच्या जागी खाली वळलेले, टोकदार दात, आणि दोन दातांमध्ये फट. ट्रॅक्टर पुढे गेला की दात वरच्या थरात जेमतेम घुसतात, मुळ्या, फांद्या, मोठे गोटे अडकतात आणि माती फटीतून खाली गळते. फट किती असावी हे शेतावर अवलंबून आहे. फक्त खोडं आणि जाड मुळ्या वेचायच्या तर वीतभर फट चालते. बारीक मुळ्या आणि मुठीएवढे गोटेही काढायचे असतील तर ती अर्धी हवी, पण मग ओल्या काळ्या मातीत दात चिकटून गच्च होतात आणि दाताळ्याची बकेट होऊन बसते.

इथे वापशाचा मुद्दा येतो. काळं रान फार ओलं असताना ट्रॅक्टर रुततो, जमीन दबते आणि माती मुळांना गोळ्यासारखी चिकटून जाते. वैशाखात तेच रान दगड होतं. दात घुसत नाहीत आणि मुळं मोडतात. खालच्या थरात थोडी ओल आहे, वरचा थर सुकलाय, अशा वापशाला बुंधा मुळासकट निघतो आणि झटकल्यावर माती सुटते. पेरणीसाठी वापसा पाहणारा शेतकरी जमीन साफ करताना तो पाहत नाही, कारण मशीन ज्या दिवशी मोकळं असेल त्या दिवशी काम होतं. मशीनच्या तारखेपेक्षा वापशाची तारीख महत्त्वाची आहे, एवढं मनाशी धरलं तर अर्ध्या चुका टळतील.

साध्या बकेटचं काम नाही असं नाही. खड्डे बुजवणं, गाळ पसरवणं, मुरूम वाहणं, बांध घालणं ही तिचीच कामं. नवं दाताळं परवडत नसेल तर बकेटच्या ओठावर नटबोल्टने बसवायची दातांची पट्टी मिळते किंवा बनवून घेता येते. घट्ट जमिनीत ती धारेपेक्षा कितीतरी कमी जोरात आत जाते, आणि काम झालं की काढून ठेवता येते. ती माती सोडत नाही, हे मात्र लक्षात ठेवायचं.

काटेरी झुडपांचा भारा नुसत्या दाताळ्यावर राहत नाही. चालताना सांडतो आणि मागून येणाऱ्या टायरखाली काटे जातात. वेड्या बाभळीचा काटा टायरमधून आरपार जातो, हे या पट्ट्यातल्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला माहीत आहे. म्हणून दाताळ्याला वरून दाबून धरणारा जबडा असलेला पंजा, म्हणजे ग्रॅपल, हे या कामातलं सगळ्यात उपयोगी जोड म्हणायला हवं. तो फांद्या आवळून धरतो, एकाच खेपेत तिप्पट-चौपट भारा जातो आणि काटे रस्त्यात सांडत नाहीत. पण त्याला दोन अटी आहेत. पहिली हायड्रॉलिकची. साध्या लोडरला दोनच हालचाली असतात, उचलणं आणि वळवणं. जबडा मिटण्या-उघडण्यासाठी तेलाची तिसरी लाईन आणि व्हॉल्व्ह लागतो. तो नसेल तर वेगळा बसवावा लागतो. दुसरी अट वजनाची. ऊस पट्ट्यात ट्रॅक्टरवर ऊस भरायचा ग्रॅब सर्रास दिसतो आणि तोच मुळ्या वेचायला वापरावा असा मोह होतो. ऊस हलका आणि सुटा. तो ग्रॅब त्यासाठी बनलाय. मातीत अडकलेल्या मुळाला धरून ओढलं की त्याचे दात पसरतात.

वजनाची गोष्ट जरा उलगडून सांगायला हवी, कारण अपघात तिथे होतात. विक्रेता सांगतो, लोडर सातशे किलो उचलतो. हा आकडा बहुतेक वेळा हाताच्या टोकाच्या पिनेवरचा असतो. त्यात अडीचशे किलोचा ग्रॅपल लावला तर उरले साडेचारशे. ग्रॅपलमधला भारा पिनेच्या पुढे असतो, म्हणून प्रत्यक्षात उचललं जातं त्याहूनही कमी. आता ट्रॅक्टरकडे या. समजा, पुढच्या आसापासून दीड मीटर पुढे ५०० किलो वजन आहे, आणि पुढच्या-मागच्या आसातलं अंतर दोन मीटर आहे. तर मागची चाकं ३७५ किलोने हलकी होतात आणि पुढच्या आसावर ८७५ किलो जादा येतात. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर दोन चाकांच्या ओढीचे. पुढची चाकं लहान, आस वळणं घ्यायला पुरेल इतपतच भक्कम. ब्रेकही मागच्याच चाकांवर. मागची चाकं उचलली गेली की ओढ गेली आणि ब्रेकही गेला. उतारावर ही अवस्था आली तर चालकाच्या हातात काही राहत नाही.

म्हणून लोडर लावला की मागे वजन हवंच. तीन बिंदूंच्या जोडणीला काँक्रीटचा ठोकळा किंवा जड अवजार, मागच्या टायरमध्ये पाणी, चाकांना लोखंडी वजनं. पुढच्या बंपरवर वजनं बसवणं इथे उलटं काम करतं; नांगरटीसाठी बसवलेली ती वजनं लोडरच्या कामाआधी काढली पाहिजेत. भारा चालताना गुडघ्याच्या उंचीला, वर उचलायचा तो फक्त टाकताना. आणि शक्य असेल तर चार चाकांच्या ओढीचा ट्रॅक्टर, पाठीमागे संरक्षक चौकट आणि पट्टा. या गोष्टींवर खर्च करायला लोक कचरतात आणि मग मोठी बकेट घेतात. लहान ट्रॅक्टरला लहान, हलकं जोड घ्यावं. रुंदी मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडेइतकी पुरे.

दगडांची गोष्ट निराळी. दख्खनच्या हलक्या रानात काळे गोटे आणि धोंडे असतात. बेसॉल्टचं वजन घनमीटरला २.९ टनांच्या आसपास. दोन फूट व्यासाचा गोल धोंडा साडेतीनशे किलोच्या जवळ जातो. तीन फुटांचा हजार किलोच्या पुढे. दोन्ही डोळ्यांना फार वेगळे दिसत नाहीत, पण पहिला लोडर उचलेल आणि दुसरा ट्रॅक्टरच उचलून धरेल. तो जेसीबीच्या मागच्या हाताने सरकवावा किंवा जागेवर फोडावा. वेचण्यासाठी जाळीची बकेट, म्हणजे तळाला पट्ट्या आणि मध्ये फटी असलेली बकेट, चांगली. पण सगळेच गोटे वेचू नयेत. हलक्या जमिनीत वरचे लहान खडे ओल धरून ठेवतात, ऊन आणि वाऱ्याने पाणी उडण्याचं प्रमाण कमी करतात, पावसाचा मार थेट मातीवर बसू देत नाहीत. नांगर आणि पाभर अडतील असे काढावेत, मुठीएवढे राहू द्यावेत. जुने लोक हेच करत. काढलेले धोंडे उताराला आडवे रचून ताल घालत आणि पावसाबरोबर वाहणारी माती तिथे थांबे.

कोकणात गणित पुन्हा बदलतं. तिथे काजू-आंब्याच्या बागेसाठी डोंगरउतार मोकळा करायचा असतो. वर जांभ्याचा कातळ, मध्ये मातीचे खळगे, आणि पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. अशा उतारावर ट्रॅक्टर-लोडर चालवूच नये, असं स्पष्ट म्हणायला हवं. पट्ट्यावरचं लहान यंत्र आणि माणसं, एवढंच तिथे सुरक्षित. झुडपं मुळासकट एकदम उपटली तर पहिल्याच पावसात उतार मोकळा होतो. खड्ड्यापुरती जागा साफ करून बाकी झाडोरा कापून आच्छादन म्हणून टाकलेला बरा. सड्यांवर आणखी एक काळजी. रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या कातळांवर मातीच्या पातळ थराखाली कातळशिल्पं निघतात. २०२२ मध्ये कोकणातल्या या शिल्पांचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. बकेटचे दात कातळावरून फिरले की हजारो वर्षांपूर्वीची रेघ परत येत नाही. सडा साफ करण्याआधी झाडूने झाडून पाहणं, गावातल्या जाणत्याला विचारणं, एवढं तरी करावं.

काही झाडोऱ्याला लोडर लागतच नाही. घाणेरी हे त्याचं उदाहरण. शोभेचं झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेली ही वनस्पती जंगलात पसरली. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी तिच्यासाठी सांगितलेली पद्धत अशी: मुख्य मूळ जमिनीखाली दोन बोटं कुदळीने तोडायचं, झुडूप उचलायचं आणि उलटं टाकायचं. माती जवळपास हलत नाही, फुटवा येत नाही. हरळी आणि लव्हाळ्याच्या बाबतीत तर यंत्र घात करतं. तुकडे जितके जास्त, तितकी नवी रोपं. तिथे दाताळं फिरवून गड्डे वेचणं एवढाच यंत्राचा उपयोग.

तोडण्याआधी कागदही बघावे. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यात साग, खैर, आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ अशी झाडं येतात; स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगी लागते. लोडरवाल्याला झाडाची जात ओळखता यावी अशी अपेक्षा ठेवू नये. ठेवायची झाडं मालकाने आदल्या संध्याकाळी चुन्याने पांढरी करून ठेवावीत.

निघालेल्या लाकडाचं काय? वेड्या बाभळीचा कोळसा चांगला होतो; तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात आणि कच्छमध्ये त्यावर अनेक घरं चालतात. माती माखलेलं खोड मात्र करवतीची साखळी बोथट करतं आणि भट्टीवाला भाव पाडतो. सरळ खोडं बाजूला काढून लोडरच्या काट्यांवर, म्हणजे पोती आणि पॅलेट उचलायच्या दोन सपाट काट्यांवर, उचलावीत. बारीक फांद्या जाळण्यापेक्षा उताराला आडव्या, ओळीने रचाव्यात. मुळ्यांचा ढीग पेटवलाच तर तो आधी आठवडाभर उन्हात राहू द्यावा आणि पंज्याने एकदा उलटवावा, म्हणजे अडकलेली माती गळून जाईल.

हे सगळं स्वतः विकत घ्यायची गरज नाही. जोडं बदलायला सोपी पडावीत यासाठी परदेशात पिना न ठोकता अडकवायची जोडणी निघाली. बॉबकॅट कंपनीने १९७० मध्ये आणलेली बॉब-टॅच ही त्यातली गाजलेली. आपल्याकडच्या बऱ्याच लोडरना अजून पिनाच आहेत, म्हणून एक जोड काढून दुसरं लावायला दोन माणसं आणि हातोडा लागतो, आणि तेवढ्या त्रासापायी सगळं काम बकेटनेच होतं. लोडर घेताना ही जोडणी आहे का, ती इतरांच्या जोडांना बसते का, तिसरी तेलाची लाईन काढून दिलेली आहे का, हे विचारायलाच हवं. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून २०१४-१५ पासून गावोगावी भाडेतत्त्वावरची अवजार सेवा केंद्रं सुरू झाली. नांगर, पेरणी यंत्र, रोटाव्हेटर तिथे मिळतो. दाताळं आणि पंजाही मागितला पाहिजे. दहा गावांत वर्षातून चार-चार दिवस लागणारी ही जोडं एका केंद्राने ठेवली तर कुणा एकाला ती घरात गंजवत ठेवावी लागणार नाहीत.

काम संपल्यावर मशीन जातं आणि खड्डे राहतात. ते त्याच दिवशी, बांधावर न नेता जागेवर ठेवलेल्या मातीने बुजवावेत. मग एक उभी, एक आडवी मोगडणी, राहिलेल्या मुळ्या हाताने वेचणं. पहिल्या मोठ्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांनी शेतात गेलं की वेड्या बाभळीची बियांतून आलेली रोपं दिसतात. दोन पानांची, नाजूक, अजून काटा न धरलेली. ओल असताना चिमटीने ओढलं की मुळासकट निघतात, मुळाच्या टोकाला मातीचा एखादा खडा असतो, तो बोटांनी चुरून तिथेच टाकता येतो. सकाळी दोन बायका आणि एक पोरगं एवढ्यांनी एकराचा बराच भाग होतो. तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत हे दर वर्षी करावं लागतं.

बांधावरचा ढीग तोवर खचलेला असतो. त्यात माती कमी असली तर तो वर्षभरात गुडघ्याएवढा होतो, आणि त्यातून करंज किंवा लिंबाचं एखादं रोप वर आलेलं असतं.